बोटभर रथ

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर सध्या एक रथ उभा आहे. घोड्यांच्या नाकापासून रथाच्या मागच्या काठापर्यंत मोजले तर त्याची लांबी माझ्या मधल्या बोटाएवढीही भरत नाही. दोन घोडे, एक सारथी, एक धनुर्धर आणि शर्टाच्या गुंडीएवढी दोन चाके. प्रत्येक चाकाला सहा आरे. इजिप्तचा राजा दुसरा रामेसिस याच्या सैन्यातला हा रथ आहे. माझ्याकडे तो आला तेव्हा तो रथ नव्हता. एका लहानशा खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेले काही तुकडे होते, आणि ते सोडवून, घासून, जोडून आणि रंगवून रथ तयार करणे हे काम ज्याचे त्याने करावयाचे होते.

असे रथ जमवणारी, जोडणारी आणि रंगवणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. ती लहान मुले नव्हेत. मोठ्या टेबलावर डोंगर, नदी, गाव यांची मांडणी करायची, दोन्ही बाजूंना बोटभर उंचीची सैन्ये उभी करायची, आणि ठरलेल्या नियमांनी, फासे टाकून, एखादी जुनी लढाई पुन्हा लढून पाहायची, असा हा खेळ आहे. त्याचा वंश तसा खानदानी आहे. प्रशियातील फोन राइसवित्झ नावाच्या गृहस्थांनी १८१२ साली असा खेळ मांडण्यासाठी तयार केलेले टेबल आपल्या राजाला नजर केले. त्यांच्या लष्करी अधिकारी असलेल्या मुलाने १८२४ साली त्याचे नियम नव्याने बांधले, आणि पुढे त्या सैन्यातील अधिकाऱ्यांच्या शिक्षणात या खेळाला जागा मिळाली. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हाच खेळ घरातल्या जमिनीवर आणला. शिशाच्या शिपायांवर ते खेळण्यातल्या तोफेने लाकडी गोळ्या झाडीत. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध सुरू झाले, ही गोष्ट वेगळी.

आपल्याला हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही. बुद्धिबळाचा मूळ अवतार जो चतुरंग, त्याचे नावच हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या सेनेच्या चार अंगांवरून पडले. मराठी माणूस आज पटाच्या कोपऱ्यातील ज्या सोंगटीला हत्ती म्हणतो, तिच्या घरात पूर्वी रथ उभा असे. रणांगणावरून रथ गेला, पटावरूनही गेला, हत्ती कोपऱ्यात सरकला आणि त्याच्या रिकाम्या जागेवर उंट येऊन बसला. चिनी बुद्धिबळात मात्र कोपऱ्यात अजूनही रथच आहे.

पण बुद्धिबळाची सोंगटी ही खूण असते. तिला आस नसतो, जू नसते. माझ्या टेबलावरच्या रथाला ते सर्व आहे, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. आपण रथ म्हणून जो डोळ्यांसमोर आणतो, तो बहुधा दिनदर्शिकेवरच्या चित्रातला असतो. सोन्याचा मुलामा, वर छत्र, फडकणारा ध्वज, चार पांढरे शुभ्र, धिप्पाड घोडे, आणि लगाम हातात धरून मागे वळून बोलणारे भगवंत. चित्र सुंदर असते. परंतु घोडे रथाला नेमके कशाने जोडलेले आहेत हे त्यात सहसा दिसत नाही. तिथे धुळीचा एक ढग असतो. चित्रकाराला अशी सोय आहे. शिल्पकारालाही ती मिळते. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर पुलाजवळ ब्रिटनची प्राचीन राणी बौडिका हिचा भव्य रथारूढ पुतळा १९०२ सालापासून उभा आहे, आणि त्या रथाच्या चाकांना लांब पाती लावलेली आहेत. त्या काळच्या ब्रिटनमधील रथांचे जे अवशेष उत्खननांत मिळाले, त्यांत असल्या पात्यांचा मागमूस नाही. तरी लोकांच्या मनात पात्यांचा रथच बसला आहे.

ज्याला रथ जोडायचा आहे त्याला धुळीचा ढग वापरता येत नाही. आरे चार, सहा की आठ? आस पेटीच्या मधोमध की मागच्या काठाखाली? जू घोड्याच्या मानेवर की पाठीवर? हातात डिंकाची नळी घेऊन बसलेल्या माणसाला ह्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच संध्याकाळी द्यावे लागते, आणि उत्तर चुकले तर ते घट्ट चिकटून बसते.

माझे असेच झाले. माझा पहिला रथ मी जोडला तेव्हा सूचनांचा कागद बाजूला ठेवला होता. बैलगाडी पाहून वाढलेल्या माणसाला आस कोठे असतो हे सांगावे लागत नाही, असा माझा समज. मी तो पेटीच्या मधोमध चिकटवला. रथ डौलदार दिसत होता. पुढे तुतांखामेनच्या रथांची छायाचित्रे बारकाईने पाहिली तेव्हा लक्षात आले, की इजिप्तच्या रथाचा आस अगदी मागच्या काठाखाली असतो. त्यामुळे माणसांच्या भाराचा काही भाग दांडीवरून घोड्यांवर जातो, आणि भरधाव वेगात वळतानाही रथ सहजी उलटत नाही. आपली गाडी ओझे वाहण्यासाठी आहे. तो रथ वळण्यासाठी होता. मी बारीक करवत घेऊन माझा आस कापून काढला.

गंमत अशी, की आस कापण्याच्या कामात माझे पूर्वज फार मोठे निघाले. हॉवर्ड कार्टर यांना १९२२ साली तुतांखामेनची कबर सापडली. तिच्यात एकूण सहा रथ होते, आणि तेही सुटे केलेले. कबरीत उतरणारी वाट इतकी अरुंद, की रथ अखंड आत जाईनात. म्हणून राजाच्या माणसांनी त्यांचे आस सरळ करवतीने कापले होते. चाके एकीकडे, पेट्या दुसरीकडे, असा तो ढीग कार्टर यांच्या पुढ्यात आला. जगातल्या सर्वांत सुप्रसिद्ध रथांची पहिली जुळणी ही अशी तुकड्यांपासूनच करावी लागली.

त्या चाकांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण सगळी विद्या चाकात आहे. आपला सुतार आरा करतो तो एका सरळ लाकडाचा. तो तुंब्यात ठोकून बसवतो. इजिप्तच्या कारागिराची रीत निराळी होती. तो लाकडाची पट्टी वाकवून तिचा कोन करी. अशा सहा कोनांच्या बाजू एकमेकींना चिकटवल्या, की दोन अर्धे मिळून एक आरा होई आणि मध्यभागी तुंबा आपोआप जुळून येई. मग त्यावर ओले कातडे ताणून बांधीत. ते वाळले की आवळून बसे. पेटीची जमीन फळ्यांची नव्हे, चामड्याच्या विणलेल्या पट्ट्यांची. म्हणजे उभा राहणारा माणूस जणू बाजेच्या विणीवर उभा राही आणि धक्के पायांपर्यंत पोचण्याआधीच निम्मे होत. अशाच पद्धतीने आजच्या काळात केलेल्या पूर्णाकृती रथांचे वजन तीस-पस्तीस किलोच्या आसपास भरले आहे. घोडे सोडले तर एखादा धट्टाकट्टा माणूस तो उचलून चालू लागेल. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात थीब्जहून नेलेला एक रथ आहे. त्यात भूर्ज वृक्षाची साल वापरलेली आहे. हे झाड इजिप्तमध्ये उगवत नाही. इतक्या हलक्या वाहनासाठी इतक्या दुरून सामान आणावे लागे, यावरून रथ हे किती महागडे शस्त्र होते याची कल्पना येईल.

आता रंगाविषयी. नवशिक्याची पहिली चूक म्हणजे रथ आधी पूर्ण जोडणे आणि मग रंगवायला घेणे. दोन घोड्यांच्या मधली दांडी, त्यांच्या आतल्या बाजूच्या बरगड्या, इथे मग कुंचला पोचतच नाही. म्हणून घोडे वेगळे, माणसे वेगळी, पेटी वेगळी अशी रंगवावी लागतात. आधी सर्वांवर एका रंगाचा पातळ हात द्यायचा. नंतर मुख्य रंग. मग गडद रंग खूप पातळ करून ओघळू द्यायचा, म्हणजे तो खोबणींत साचून सावल्या पडतात. आणि शेवटी जवळजवळ कोरड्या कुंचल्याने उंचवट्यांवर उजळ रंग पुसायचा. लगाम बारीक तारेचा. तारेला किंचित झोल दिला नाही तर घोडे धावत नाहीत, खुंटीला बांधल्यासारखे दिसतात. घोडे मी आता मुद्दाम लहान निवडतो. त्या काळचे रथाचे घोडे आजच्या शर्यतीच्या घोड्यांएवढे उंच नव्हते, तट्टांच्या जातीचे होते, हे विकणाऱ्यांना नेहमी आठवतेच असे नाही. रामेसिसच्या स्वतःच्या जोडीची नावे शिलालेखात नोंदलेली आहेत, आणि त्यांचा अर्थ ‘थीब्जमधील विजय’ आणि ‘मूत देवी संतुष्ट आहे’ असा होतो. घोड्यांची नावे कोरून ठेवणारा राजा मला आवडतो.

जोताची हकीकत तर प्रयोगाचे महत्त्व पटवणारी आहे. घोड्याच्या गळ्याशी येणारा पट्टा ओढताना त्याचा श्वास कोंडतो, त्यामुळे प्राचीन लोकांना घोड्याची शक्ती वापरताच आली नाही, असे मत एका फ्रेंच अधिकाऱ्याने मांडले आणि ते कित्येक वर्षे पुस्तकांतून फिरत राहिले. पुढे स्प्रुइत नावाच्या दुसऱ्या एका फ्रेंच जाणकाराने जुन्या नमुन्यांबरहुकूम रथ आणि साज तयार केला, त्याला घोडे जुंपले आणि तो हाकून दाखवला. घोडे गुदमरले नाहीत. पट्टा योग्य जागी, छातीवर, असला की काम भागते. पहिल्या मताच्या विद्वानाने जे कागदावर सिद्ध केले होते ते दुसऱ्याने मैदानात मोडले.

मी माझा रथ ज्या लढाईसाठी केला ती कादेशची लढाई. सीरियात ओरोंटीस नदीच्या काठी इ. स. पूर्व १२७४ च्या सुमारास रामेसिस आणि हित्ती राजा मुवातल्ली यांच्यात ती झाली. दोन भटक्या माणसांनी रामेसिसला सांगितले, की हित्ती राजा अजून दूर उत्तरेला आहे. राजाने विश्वास ठेवला आणि आपल्या चारांपैकी एकच तुकडी घेऊन पुढे जाऊन तळ ठोकला. वास्तविक मुवातल्ली कादेशच्या आडोशाला दबा धरून होता. वाटेने चालत येणाऱ्या रे देवाच्या तुकडीवर हित्ती रथ बाजूने येऊन आदळले, ती उधळली, आणि पळणाऱ्यांच्या मागोमाग रथ राजाच्या तळात शिरले. इजिप्तच्या रथात दोन माणसे, हित्तींच्या रथात तीन. हे रामेसिसच्याच लेखांत आणि भिंतींवरच्या चित्रांत आहे. ऐनवेळी दुसऱ्या दिशेने मदत आली आणि हित्ती रथ नदीपर्यंत मागे रेटले गेले. अलेप्पोचा राजा नदीतून कसाबसा बाहेर निघाला. पोटातले पाणी काढण्यासाठी त्याची माणसे त्याला उलटा धरून आहेत, असे एक चित्र रामेसिसने आपल्या मंदिराच्या भिंतीवर कोरवून घेतले. विजयाची द्वाही दोघांनी फिरवली. कादेश मात्र हित्तींकडेच राहिले. इ. स. पूर्व १२५९ च्या सुमारास दोन्ही राज्यांत तह झाला, आणि त्याचा मजकूर इजिप्ती आणि अक्कडी अशा दोन भाषांत आज उपलब्ध आहे.

रामेसिस सांगतो, की पहिल्या हल्ल्यात हित्तींचे २,५०० रथ होते. पुस्तकात वाचताना हा आकडा डोळ्यांखालून सहज सरकतो. टेबलावर मात्र तो अडतो. एका रथाला घोड्यांसह तीन मीटर रुंदीची जागा धरली, तर २,५०० रथ एका ओळीत साडेसात किलोमीटर पसरतील. माझ्या रथांच्या मापाने, म्हणजे बहात्तरास एक या प्रमाणात, ती ओळ शंभर मीटरहून लांब होते. माझे टेबल पावणेदोन मीटरचे आहे. शिवाय हे सर्व रथ एका नदीच्या उतारातून पार व्हायचे आहेत, तेही शत्रूच्या नजरेस न पडता. आकडा खोटाच असेल असे मी म्हणत नाही. हल्ला लाटालाटांनी झाला असेल, रथ खोल रांगांत असतील. पण एवढे निश्चित, की ज्याने तो मजकूर रचला त्याला नदी ओलांडायची नव्हती.

हीच फूटपट्टी घेऊन मी भीत भीत आपल्या महाभारताकडे गेलो. एका अक्षौहिणीत २१,८७० रथ. अठरा अक्षौहिणी म्हणजे ३,९३,६६० रथ. त्याच हिशेबाने त्यांची ओळ १,१८० किलोमीटर लांब होईल. दिल्ली ते मुंबई हवाई अंतरापेक्षाही थोडी अधिक. महाकाव्याला कोणी हजेरीपटाची शिस्त लावू नये, आणि मीही लावीत नाही. परंतु हे आकडे जे छातीठोकपणे इतिहास म्हणून सांगतात त्यांनी एकदा चार रथ शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

हित्तींची राजधानी आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे होती. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी मातीच्या हजारो विटा सापडल्या. त्यांत एक ग्रंथ आहे रथाचे घोडे तयार करण्याचा. ‘मितन्नी देशीचा अश्वशिक्षक किक्कुली असे सांगतो’, अशी त्याची सुरुवात. किती दौडवायचे, किती पाणी, किती चारा, केव्हा न्हाऊ घालायचे, रात्री केव्हा बांधायचे, असा महिनोन्‌महिन्यांचा क्रम त्यात दिलेला आहे. भाषा हित्ती, पण घोड्याने किती फेऱ्या माराव्यात हे सांगताना किक्कुली ऐका, तेरा, पंझा, सत्ता असे शब्द वापरतो, आणि फेरीला वर्तन्न म्हणतो. श्रोतेहो, त्यातला ‘तेरा’ म्हणजे आपले तेरा नव्हेत, तीन. बाकीचे अर्थ सांगण्याची गरज नाही. तीन हजार मैलांवरच्या, तेहतीसशे वर्षांपूर्वीच्या एका पागेत कोणीतरी एक, तीन, पाच, सात मोजत होते. त्याच ठिकाणच्या एका तहनाम्यात मितन्नीच्या राजाने मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांना साक्षीला ठेवले आहे.

मग आपला रथ कसा होता? रथांची एवढी वर्णने असलेले वाङ्मय दुसऱ्या कोणाकडे क्वचितच असेल, आणि तरीही त्या वर्णनांशी ताडून पाहता येईल असा वैदिक काळचा लाकडी रथ आपल्या हाती आलेला नाही. आपल्या जमिनीत आणि पावसात लाकूड टिकत नाही. जे मिळते ते संभ्रमात टाकणारे आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली कांशाच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. त्यांत ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ आहे, उभा सारथीही आहे. माझ्या छंदाचा तो आद्यपुरुषच म्हणायचा! पण त्याला बैल जुंपलेले आहेत, चाके भरीव आहेत, आणि त्याच्या काळाविषयी विद्वानांचे एकमत नाही. उत्तर प्रदेशात सिनौली येथे २०१८ साली मिळालेल्या, तांब्याने सजवलेल्या वाहनांची चाकेही भरीव आहेत. त्यांना रथ म्हणावे की गाडी, यावर वाद चालू आहे. या वादात हिरीरीने बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की भरीव चाकाचा रथ किती जड होईल आणि तो किती चटकन वळेल? लोणावळ्याजवळ भाजे येथील विहारात चार घोड्यांचा एक रथ कोरलेला आहे. त्यातील देवता सूर्य म्हणून ओळखली जाते. दगड फार सुंदर आहे. परंतु भिंतीवरचा रथ बाहेरून जेवढा दिसतो तेवढाच दिसतो. त्याच्या पोटाखाली वाकून पाहता येत नाही.

पोटाखालची माहिती मला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाली. यज्ञवेदीची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत रथाची मापे येतात, कारण वेदीचे माप रथावरून घेत. दांडी म्हणजे ईषा १८८ अंगुळे, आस १०४, जू ८६. एक अंगुळ सुमारे पाऊण इंच धरला, तर दांडी साडेतीन मीटरच्या थोडी वर, आस जवळजवळ दोन मीटर, जू एक मीटर साठच्या आसपास. इतकी नेमकी मापे देणाऱ्या त्या याज्ञिकाला हे स्वप्नातही आले नसेल, की कोणी त्यांना बहात्तराने भागील. मी भागले. दांडी पाच सेंटिमीटर, आस पावणेतीन, जू सव्वादोन. आगपेटीतल्या काड्या आणि बांबूची शीग यांतून मी तो सांगाडा केला. दोन घोडे जुवाखाली नीट बसले.

हाच सांगाडा घेऊन मी आता झेलमच्या लढाईकडे वळलो आहे. इ. स. पूर्व ३२६ मध्ये पौरव राजाने सिकंदराला अडवण्यासाठी आधी रथ पाठवले. कर्टियस हा रोमन इतिहासकार म्हणतो, की प्रत्येक रथाला चार घोडे होते आणि वर सहा माणसे: दोन ढालाईत, दोन तिरंदाज, आणि दोन सारथी, जे वेळ पडली की लगाम टाकून भाले फेकीत. आदल्या रात्री पाऊस झाला होता. रथ चिखलात रुतले, कुणी घसरून माणसे खाली फेकली, कुणी नदीत गेले. एरियन हाही सांगतो, की पौरवाच्या मुलाचे रथ चिखलामुळे निकामी ठरले.

दोन घोडे जुवाखाली आणि दोन बाजूंना, ज्यांना वैदिक भाषेत प्रष्टि म्हणत, अशी चार घोड्यांची सोय मी लावली आहे. चिखलासाठी दोन प्रकारचे तपकिरी रंग कालवून ठेवले आहेत. अडचण माणसांची आहे. शुल्बसूत्राच्या आसावर बसेल एवढ्या पेटीत चार माणसे दाटीने उभी राहतात. पाचवा ठेवला की तिरंदाजाचा कोपर सारथ्याच्या तोंडावर येतो. सहावा ढालाईत तूर्त रथाशेजारी टेबलावर उभा आहे. एक तर कर्टियसचा आकडा फुगलेला आहे, किंवा पौरवाचे रथ वेदीच्या मापाहून पुष्कळ मोठे होते, आणि मग ते चिखलात का रुतले हे वेगळे सांगायला नको. पेटी रुंद करून पाहायची ठरवली आहे. त्यासाठी आस पुन्हा एकदा कापावा लागेल.